चारूआत्याचं न बोलणं

चारुलता दफ्तरदारला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या गल्लीत, सकाळच्या भाजीच्या ठेल्यापाशी. मी तेव्हा नुकतीच निवृत्त होऊन इंदुरात, अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या या भागात राहायला आले होते आणि गल्लीतली माणसं एकेक करून ओळखीची होत होती. तिच्या कडेवर वर्ष-सव्वा वर्षाचं मूल होतं आणि ती त्याच्याशी अखंड बोलत होती. ही गिलकी, हिला हात लाव, गुळगुळीत आहे. हे दोडकं, याला शिरा असतात. ही कोथिंबीर, वास घे. मधेच ठेलेवाल्या शामशी भावावरून इंदुरी हिंदीत हुज्जत, आणि त्याच दमात पुन्हा मुलाशी मराठी. कुठे सांधा दिसत नव्हता.

शाम भाजी तोलता तोलता म्हणाला, "दीदी, ये बोलेगा कब? इसको आप चांस ही कहाँ देती हो."

ठेल्याभोवतीच्या आम्ही सगळ्या हसलो. सगळ्यांत जास्त तीच हसली.

मूल मात्र ना भाजीकडे बघत होतं ना तिच्याकडे. शामनं तागडी खाली ठेवण्याआधी ती हेलकावत असे, तेवढ्या हेलकाव्याकडे ते बघत होतं. हेलकावा थांबला की त्याचे दोन्ही पाय ताठ होत आणि बोटं पसरत. मला तेव्हा त्यातलं काही कळलं असं मी म्हणणार नाही. पहिलीचे वर्ग वर्षानुवर्षं घेतल्यामुळे मुलांच्या नजरेकडे लक्ष जायची सवय होती, इतकंच.

मुलगा तिचा नव्हता, भाचा होता. मुकुल. तिचा धाकटा भाऊ उन्मेष आणि त्याची बायको संहिता घराच्या वरच्या मजल्यावर राहत, चारुलता खाली. दफ्तरदारांचे कोणी पूर्वज होळकरांच्या कचेरीत होते. त्यातलं आता काही उरलं नव्हतं, आडनाव उरलं होतं आणि एक सवय. काही सांगितलं गेलं, ठरलं, की ते तसंच करायचं. घरातले बूट सुद्धा एका रेषेत असत.

चारुलता एका सहकारी पतसंस्थेत चौकशीच्या खिडकीवर होती. बोलायची नोकरी, आणि ती तिला मानवली होती. लग्न केलं नाही. आईला अर्धांगवायू झाला, त्यात बरीच वर्षं गेली, मग आई गेली. मुकुलच्या जन्मानंतर संहिताची रजा संपत आली तेव्हा चारुलतानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. तिला कुणी घे म्हटलं नव्हतं आणि घेऊ नको असंही कुणी म्हटलं नाही. उन्मेष आणि संहिता दोघांच्या नोकऱ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजय नगरला. सकाळी नऊला निघायचे, ट्रॅफिकमधून रात्री आठपर्यंत यायचे. मधला सगळा दिवस मुकुल आणि त्याची आत्या.

तो गुणी आहे, असं सगळे म्हणत. रडत नसे, घे म्हणून हात पसरत नसे, कुणाहीकडे जाई. जरा मोठा झाल्यावर चालायला लागला तो चवड्यांवर, टाच टेकवायचाच नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली जाई. भात, वरण, केळं, जे जे बोटांना चिकटेल ते त्याला चालत नसे. कोरड्या पोळीचे तुकडे तेवढे खाई. न्हाव्याकडे नेलं तर असा ओरडे, की न्हाव्यानंच हात जोडले. यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी घेतली तर लहान मुलांत असतेच. घरातल्यांनीही ती सुटीच घेतली. बोलण्याचं म्हणाल तर उन्मेष स्वतः साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि त्याचे एक काका तर त्याहून उशिरा. दफ्तरदारांकडे मुलगे उशिराच बोलतात, हे त्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की ते वैद्यकीय मत वाटावं.

खटकलं ते चारुलतालाच. एका संध्याकाळी मी फाटकापाशी उभी असताना ती म्हणाली, "बाई, हा काय करतो माहीत आहे का? मी चांदोबा बघ म्हणून बोट दाखवलं ना, की माझ्या बोटाकडे बघतो. बोटाच्या पुढं बघतच नाही. क्या है ना, बाकीचं मी सगळं सोडून देते, पण हे मला रोज दिसतं."

तिनं ते संहितालाही सांगितलं. मग डॉक्टर, मग दुसरे डॉक्टर, मग तपासण्या. तीन वर्षांचा व्हायच्या आत निदान झालं, ऑटिझम. संहिता त्या दिवशी घरी आली आणि वर न जाता खालच्या पायरीवरच बसून राहिली. चारुलतानं तिला पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, की आता काय करायचं ते सांगितलंय का.

सांगितलं होतं. जितक्या लवकर सुरुवात तितकं चांगलं. या वयात मेंदू शिकायला तयार असतो, त्याच्या अंगाला, कानाला, पायाला जे जड जातं ते खेळातून सोपं करता येतं, आणि अंग स्थिरावलं की लक्ष स्थिरावतं. पाच वर्षांच्या आत मुलगा बोलायला लागला तर पुढचं बरंचसं सोपं होतं, असंही कुणीतरी सांगितलं होतं. बाकीचं सगळं मागं पडलं आणि हे शेवटचं वाक्य त्या घरात राहिलं. त्या दिवसापासून तिथं एकाच गोष्टीची वाट बघणं सुरू झालं.

विजय नगरला एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर मुलांच्या उपचारांचं सेंटर होतं. तिथं मुकुलला नेऊ लागले. तिथल्या मॅडमनी सगळ्या घराला एकत्र बसवून समजावलं. बच्चा कन्फ्यूज हो रहा है, म्हणाल्या. आत्या मराठी बोलते, कामवाली हिंदी, टीव्ही हिंदी, आई-बाबा मधूनच इंग्लिश. इतक्या भाषांमधून तो वाट कशी काढणार? घर में एक ही लँग्वेज रखिए. आणि जास्त बोलू नका, छोटं बोला, सोपं बोला.

कोणती भाषा ठेवायची हा प्रश्न उन्मेष-संहितानं एका रात्रीत सोडवला. पुढे शाळा इंग्लिश, सेंटरमधली चित्रंही इंग्लिश, तेव्हा इंग्लिश. यात त्यांचं चुकलं असं तेव्हा कुणालाही वाटलं नसतं. इंदुरातल्या आमच्या कितीतरी मराठी घरांत हा निर्णय धडधाकट मुलांसाठीही घेतला जातो.

चारुलताला इंग्लिश येत होतं, पण ते पतसंस्थेचं. अर्जातलं, पावतीवरचं. पहिल्या दिवशी ती मुकुलला जेवायला बसवताना म्हणाली, "मुकुल, काइंडली टेक युवर सीट." उन्मेष इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तीही हसली. पण त्या इंग्लिशमध्ये मुलाला झोपवता येत नाही, पडल्यावर उचलून घेता येत नाही. गिलकीला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत तिची वाक्यं संपली आणि शब्द उरले. सिट. ईट. कम. नो. मग तेही कमी झाले, कारण सेंटरमधल्या ताई जसे ते शब्द म्हणत तसे आपल्याला म्हणता येत नाहीत, मुलगा चुकीचं शिकेल, अशी तिला धास्ती.

दुसरा कुणी असता तर घरचे ऑफिसात गेल्यावर मनासारखं बोलला असता. बघायला कोण होतं? पण चारुलता तशी नव्हती. ती दिवसभर त्या मुलाबरोबर एकटी असे आणि दिवसभर नियम पाळत असे. मलाही एकदा फार संकोचून म्हणाली, की बाई, त्याच्याशी मराठीत नका बोलू, राग मानू नका. मी राग मानला नाही. मूल त्यांचं होतं.

तिच्या या कडकपणामागे आणखी एक गोष्ट होती, ती मला त्यानंतर काही महिन्यांनी कळली. देवळाच्या बाहेर चपला घालता घालता तिनं विचारलं, "बाई, मी जास्त बोलले का हो त्याच्याशी? आधी? शाम म्हणायचा ना, चांस देत नाही म्हणून."

मी म्हटलं, शाम चेष्टा करत होता, आणि बोलण्यानं कुठल्याही मुलाला काही होत नाही. तिनं मान हलवली. पण माझं म्हणणं तिच्यापर्यंत पोचलं नाही, हे दिसत होतं. सेंटरच्या मॅडमनी जास्त बोलू नका असं सांगितलं तेव्हाच तिनं आपल्या मनाशी निकाल लावून टाकला होता.

मग लॉकडाउन आला आणि सेंटर बंद झालं. सेंटरवाले लॅपटॉपवरून व्यायाम सांगत आणि चारुलता ते करवून घेई. संहिता लॅपटॉप धरायची, पण तिच्या स्वतःच्या ऑफिसच्या मीटिंगा वरच्या खोलीतून चालू असत, ती पळापळीत असे. मुलाच्या अंगावर हात चारुलताचेच. जुन्या झोपाळ्याच्या कड्या छताला होत्या, तिथं तिनं चादरीची झोळी बांधली. त्यात तो पोटावर पडून हेलकावे घेई. जिन्याच्या पायऱ्यांवर गोणपाट अंथरलं, त्यावरून अनवाणी चढ-उतर. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून त्या वर न्यायच्या, खाली आणायच्या. अंगावर वजन आलं की त्याची तडफड कमी व्हायची. हातांसाठी परातीत आधी तांदूळ आणि नाचणी, त्यात लपवलेली बटणं शोधायची. ते जमल्यावर भिजवलेला साबुदाणा. साबुदाण्याला त्यानं किती दिवस बोट लावलं नाही याला हिशेब नाही. ती परात रोज पुढं ठेवायची, रोज उचलायची. आणि अगदी शेवटी कणीक.

दुपारी आणि झोपायच्या आधी दाबणं. गोधडीवर त्याला आडवा करून खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत, मांड्या, पिंढऱ्या, तळवे, एका लयीत, घट्ट. हलका हात त्याला सहन होत नसे, अंगावर पाल पडल्यासारखा झटकायचा. घट्ट दाबलं की मात्र त्याचे डोळे मिटत.

हे सगळं ती तोंडातून चकार शब्द न काढता करी. आमच्या गच्चीतून त्यांची खालची खोली दिसते. टीव्ही लावलेला नाही, रेडिओ नाही, दोन माणसं खाली बसलेली आणि मधे परात. मी कितीदा तरी कपडे वाळत घालता घालता थांबून बघितलं आहे. त्या खोलीकडे फार वेळ बघवत नसे.

तिच्या हातांना यश आलं, हे लिहायलाच हवं. मुकुलच्या टाचा टेकल्या. तो एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकून जिना चढू लागला. नखं कापू देऊ लागला. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली न जाता नुसते कान दाबून उभा राहू लागला, आणि एके दिवशी दहीभात त्यानं आपल्या हातानं खाल्ला. त्या दिवशी संहितानं मला वरून हाक मारून सांगितलं. पण पाचवा वाढदिवस आला आणि गेला, आणि मुकुल बोलत नव्हता. वाढदिवसाला केक आणला होता. मेणबत्ती लावली नाही, कारण टाळ्या त्याला सोसत नसत. उन्मेष केकचं खोकं घेऊन गच्चीत बराच वेळ उभा होता.

सेंटर पुन्हा उघडलं, पण उन्मेषचा त्यावरचा विश्वास उडाला होता. माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेची मुलगी, उर्वी, हेच उपचार शिकून आली होती आणि घरी येऊन मुलांना बघत असे. मी तिचं नाव सुचवलं, म्हणून ती पहिल्यांदा आली तेव्हा मीही तिथं होते.

उर्वी आल्या आल्या काही विचारत बसली नाही. जमिनीवर बसली आणि मुकुल जे करत होता तेच त्याच्या शेजारी करू लागली. बऱ्याच वेळानं तिनं त्याचे तळवे बघितले, खांदे बघितले, त्याला जिना चढताना बघितलं. याच्यावर फार छान काम झालंय, म्हणाली. मग चारुलताकडे वळली.

"आत्याजी, दिवसभर याच्याजवळ कोण असतं?"

"मीच."

"आणि तुम्ही याच्याशी कोणत्या भाषेत बोलता?"

चारुलतानं संहिताकडे बघितलं. मग म्हणाली, "मी बोलत नाही."

"म्हणजे कमी बोलता?"

"नाही. बोलतच नाही. इंग्लिश मला तेवढं येत नाही आणि मराठी बोलायचं नाही असं ठरलं होतं."

संहिता म्हणाली, "ताई, आम्ही इतकं नव्हतं हो सांगितलं." आणि ते खरं होतं. इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. दहा-दहा, अकरा-अकरा तास घरात काय चालतं हे विचारायचंही कुणाला सुचलं नव्हतं. लॉकडाउनमध्ये दोघं वरच्या खोलीत मीटिंगांमध्ये असत; एरवी नऊला गेलेली माणसं आठला येत, तेव्हा घरात पुन्हा बोलणं सुरू होई, आणि ते दिवसभर चालू असेल असंच ती धरून चालत.

उर्वी जपून बोलत होती. "आत्याजी, घरच्या भाषेनं मूल मागं नाही पडत. पूर्वी असं सांगायचे, अभी भी बहुत लोग बोलते हैं. पण तसं काही नाहीये. दोन भाषांनी याला काही झालं नसतं. तुमच्या तोंडातून जी आपोआप येते ना, तीच बोला."

"मग ही वर्षं?" चारुलतानं विचारलं.

उर्वी खोटा धीर देऊ शकली असती, तिनं दिला नाही. "तुम्ही बोलला असता तर तो बोलला असता, असं मी नाही सांगू शकत. कुणालाच सांगता येणार नाही."

"ऐकलं तरी असतं त्यानं," चारुलता म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

त्या रात्री उन्मेषनं सेंटरला दोष दिला, मग स्वतःला दिला. चारुलता त्याला म्हणाली, की सांगितलं त्यांनी, पण पाळलं मी. हे तिनंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तिचा खालचा ओठ सुजलेला होता म्हणून पुढचंही सांगावं लागलं.

सकाळी उन्मेष-संहिता गेल्यावर तिनं मुकुलला समोर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलावं हे ठरवलं नव्हतं. पोळी, भाजी, खिडकी, जे दिसेल ते, पूर्वीसारखं. मुकुलनं आधी कान दाबले. ती थांबली नाही. मग तो उठून आला आणि त्यानं आपला पंजा तिच्या तोंडावर घट्ट दाबला. ती हसून हात काढायला गेली, तशी त्याची नखं ओठात रुतली. तो किंचाळत होता. ती बोलायची थांबली तेव्हाच तो शांत झाला.

"त्याच्या लेखी मी बोलणारं माणूसच नाही, बाई," ती म्हणाली. "खुर्ची बोलायला लागली तर आपल्याला कसं होईल, तसं झालं असेल त्याला."

उर्वीनं तिला मागं नेलं. गप्पा नाहीत, वाक्य नाही. जिथं त्याचं अंग सगळ्यांत शांत असतं तिथं एकच शब्द, हळू, तोच तोच. चारुलतानं दाबायची वेळ निवडली. दाबायचं, थांबायचं, हलक्या आवाजात म्हणायचं, "दाब." मग पुन्हा दाबायचं. पहिले कित्येक दिवस त्या एका शब्दावर त्याचं अंग आक्रसायचं. ती आवाज आणखी खाली आणायची. गणपती झाले, दिवाळी झाली, संक्रांत झाली. अंग आक्रसणं थांबलं. मग ती थांबली की तो डोळे उघडून तिच्या तोंडाकडे बघू लागला, पुढचा शब्द येईल म्हणून. तोंडाकडे बघतो, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

उन्हाळ्यात एका दुपारी ती स्वयंपाकघरात असताना तो आला, गोधडी स्वतः ओढून आणली, आडवा झाला, आणि म्हणाला, "दाब."

ब नीट मिटला नव्हता, पण शब्द तोच होता. चारुलतानं दाबलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आपल्याच कानांवर भरवसा नव्हता. रात्री सगळ्यांसमोर तो पुन्हा म्हणाला, तेव्हा संहिता जिन्यातच बसली. उन्मेषनं भिंतीकडे तोंड केलं. चारुलता म्हणाली, "पहिला शब्द, तोही हुकूम. दफ्तरदारच आहे." त्या घरातलं कित्येक दिवसांतलं ते पहिलं हसणं मला माझ्या खोलीत ऐकू आलं होतं.

मुकुल तेव्हा सहा वर्षांचा होता. तो शब्द पुढचं वर्षभर टिकला. दुसरा आला नाही. येईल, असं चारुलता म्हणत असे. उर्वी तसं म्हणत नसे, पण नाहीही म्हणत नसे.

त्याच वर्षाच्या शेवटी उन्मेषला पुण्यात नोकरी मिळाली. पुण्यात अशा मुलांसाठी शाळा होती, इथं तशी नव्हती. संहितानं नोकरी सोडायचं ठरवलं. चारुलता बरोबर जाणार, हे मी धरूनच चालले होते, आणि मला वाटतं तीही. पण एका रविवारी संहिता खाली आली. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मी आमच्या फाटकातून पाठमोरी वळले, तरी शब्द कानावर आलेच.

"ताई, तुम्ही केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. पण मला त्यानं एकदाही दाब म्हटलेलं नाही हो. मी घरात असले तरी तुमच्याकडेच येतो. आता मला करू द्या."

यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. आईच ती. चारुलता म्हणाली, "हो, बराबर आहे." आणि त्याच संध्याकाळपासून तिनं संहिताला दाबायला शिकवायला घेतलं. कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, शब्द किती हळू म्हणायचा. जायच्या दिवसापर्यंत रोज. मुकुल संहिताच्या हाताखाली शांत पडून राही, पण शब्द म्हणायचा तो चारुलताकडे बघून. म्हणून शेवटी शेवटी ती त्या वेळी देवळात येऊन बसू लागली.

गेले त्या सकाळी मुकुलला मागच्या सीटवर बसवून मांडीवर तांदळाची पिशवी ठेवली होती, प्रवासात वजन असलेलं बरं म्हणून. चारुलता खिडकीशी उभी होती. तिनं काही म्हटलं नाही; गडबडीत आवाज त्याला नको असतो. गाडी वळली तेव्हा तो समोरच्या काचेकडे बघत होता.

महिन्याभरानं संहिताचा फोन आला. मुकुल दाबून घेतो, पण शब्द म्हणत नाही. मी चुकतेय का, असं तिनं रडत विचारलं. चारुलतानं तिला समजावलं, की नवी जागा आहे, दम धर. तिनं दम धरला. शब्द परत आला नाही. शाळेनं मुकुलला एक टॅबलेट दिला. त्यावरच्या चित्राला बोट लावलं की टॅबलेट बोलतो. पाणी, भूक, बाहेर, बस्स झालं, हे तो आता त्यातून सांगतो, आणि सांगता येऊ लागल्यापासून त्याचा त्रागा पुष्कळ कमी झाला आहे. उर्वी म्हणते हेही बोलणंच आहे, यात काही कमी नाही. चारुलतानं तिला एकदाच विचारलं, की त्यातला आवाज कुणाचा असतो. उर्वी म्हणाली, कुणाचाच नाही, मशीनचा, इंग्लिश आहे.

गेल्या हिवाळ्यात चारुलता पुण्याला जाऊन आली. पहिले दोन दिवस मुकुल तिच्या जवळ फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी येऊन तिच्या पायाशी जमिनीवर आडवा झाला, तिच्याकडे पाठ करून. ती दाबू लागली. आता तो अंगानं चांगला भरला आहे, तिची शक्ती पुरेना. मधेच थांबून तिनं हळूच शब्द म्हटला. त्यानं न वळता हात मागं नेला, चाचपत तिचं तोंड शोधलं आणि त्यावर तळवा ठेवला.

"जोरात नाही हो, बाई," ती मला सांगत होती. "नुसता ठेवला. मग मी नाही बोलले."

मुकुल आता नऊ वर्षांचा आहे. शाळेत जातो, एकटा जेवतो, पोहायला शिकतो आहे. बोलत नाही. चारुलता इथंच खालच्या मजल्यावर राहते. वरचा मजला कोचिंगला आलेल्या मुलींना भाड्यानं दिला आहे. तिच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजले आहेत, डॉक्टरांनी कणीक मळायला मनाई केली आहे, आणि पोळ्या ती कोपऱ्यावरच्या इरावतीबाईंकडून विकत आणते.